जिलबीवरून डावीकडे

रस्ता सांगावा तर मीच! आदिलाबाद जिल्ह्यातली कुठली बैलवाट कुठल्या नाल्यात उतरते, हे मला झोपेतून उठवून विचारा. तामसीत माझं किराणा दुकान आहे, पण लोक साखरेपेक्षा पत्ते विचारायलाच जास्त येतात! म्हणून भाची मंजुषाला बघायला मुधोळहून पाहुणे निघाले, तेव्हा मी बहिणीला, जयवंताबाईला, छातीठोक सांगितलं, "तू पोहे भिजव. पाहुन्याईले रस्ता मी सांगतो!"

आता हायवेवर नवा पूल झालाय. पूल कसला, पुलाच्या अंगावर पूल! वर गेलेला रस्ता खाली येतो, खाली आलेला दुसऱ्याच्या पोटातून पलीकडे निघतो. सरकारी नाव भलंमोठं आहे. आम्ही त्याला 'जिलबी' म्हणतो. पण हे मुधोळला ठाऊक नसणार, हे माझ्या ध्यानात कुठं!

मुलाच्या वडिलांना, सुधाकररावांना, फोन लावला. "जिलबी घ्या अन् डाव्या हाताले वळा!"

पलीकडून सवाल आला, "पोरगी पाह्यली नाही अन् आत्ताच जिलबी?"

"पयले जिलबीच! जिलबी सोडली की सीधे नागपूर!"

"धमकी देऊन राह्यले का?" फोन बंद!

"काय म्हनले?" बहिणीनं विचारलं.

"रेंज गेली," मी म्हणालो.

बऱ्याच वेळानं त्यांचाच फोन आला. "घेतली तुमची जिलबी! गरम हाय, मांडीवर घेऊन बसलो. आता या पुलावरून उतरू कसा? चहावाला याले जंतिकलू म्हनते, म्हनजे तेलुगूत चकली. ट्रकवाला म्हनते भूलभुलैया. आमी कुटी हाय, हे कोनी सांगतच नाही!"

मी मोटरसायकल काढली. पुलावर पोहोचलो, तर पाहुण्यांची जीप वरच्या रस्त्यावर, मी खालच्या! त्यांनी वरून नमस्कार केला, मी खालून. मी वर चढलो, तोवर ते खाली. पुन्हा नमस्कार!

"थांबा तिथंच!" मी ओरडलो.

"काऊन थांबू? मागं ट्रक हाय!"

घाण्याच्या बैलासारखे आम्ही फिरत होतो. प्रत्येक फेरीला सुधाकररावांचा नमस्कार लहान होत गेला. शेवटी नुसती मूठ दिसली! आता सोयरीक मोडणारच!

तेवढ्यात मंजुषा आली. नवी साडी, कमरेला खोचलेला पदर, खाली स्कूटी! उतारावर जिथं दोन्ही रस्ते मिळतात, तिथं कडेला उभी राहून तिनं हात दाखवला. आधी जीप थांबली, मग मी.

"मामा, तुमी आता बोलू नका," ती म्हणाली. "जीप माह्या मागं येऊ द्या."

जीप चालवणारा कुलदीप, म्हणजे नवरा मुलगा, खाली उतरला अन् हसायला लागला. "बाबा, पोरगी पसंत हाय. घरचा रस्ता एकट्या हिलेच मालूम हाय!"

मंजुषानंही त्याला खालून वर पाहिलं. "जीप सरळ चालवता येते ना?"

लग्न ठरलं. गोष्ट गावभर झाली, अन् गावाबाहेरही.

परवा बसनं आदिलाबादला निघालो होतो. त्या पुलाखाली कंडक्टर तेलुगूत अन् मराठीत ओरडला, "मामा-चक्कर! दिगंडी, उतरा!"

शेजारच्या बाईनं मला विचारलं, "असं कसं नाव जी, भाऊ?"

"कोन जाने!" म्हणालो, अन् माझा स्टॉप नव्हता तरी उतरलो.