आधी आपण

फरामर्झला कुणालाच नाही म्हणता येत नसे. इस्फहानातल्या त्याच्या कारखान्यात पिस्त्याची गझ मिठाई होई आणि ती खपायचीही झकास. पण त्याच्या भिडस्तपणापायी थोरली बहीण तूबाखानम पार मेटाकुटीला आली होती. गरम गझचे जड ट्रे कडक व्हायच्या आत भट्टीवरून कापायच्या खोलीत पोचवायचे, हे काम ती तरुणपणापासून ओढत होती.

"हे बघ," तिनं सकाळीच बजावलं, "ट्रे वाहणारी यंत्रं घ्यायचीत ना? मग आज एका कंपनीला हो म्हण आणि दुसरीला नाही. नाहीतर मी चालले शिराझला, लेकीकडे. गुडघे गेलेत रे माझे!"

"ताई, आज नक्की."

पण या भल्या माणसानं दोन्ही कंपन्यांना एकाच वेळी बोलावलं होतं. दोघांनीही तीच वेळ मागितली. मग नाही कुणाला म्हणणार?

तबरीझचे शुकूहीसाहेब आणि तेहरानचे दादफरसाहेब, दोघेही इंजिनीअर, नेमके एकदमच दारात आले.

"आधी आपण."

"छे छे! आपण वडीलधारे."

"वयानं असेन हो, पण मान आपला."

आतला चहा गार झाला, दुसरा केला, तोही गार झाला. शेवटी तूबाखानमनं दाराची दुसरी फळी उघडली, तेव्हा दोघं जोडीनं आत आले.

"मग यंत्र कुणाचं चांगलं?" फरामर्झनं बिचकत विचारलं.

"दादफरसाहेबांचं!" शुकूही म्हणाले. "आमचं त्याच्यापुढे काय, खेळणं!"

"लाजवता का राव!" दादफर छातीवर हात ठेवून म्हणाले. "आम्ही तर यांचं बघूनच शिकलो."

फरामर्झला घाम फुटला. यातल्या कुणाला नकार द्यायचा?

"अगं बाई!" तूबाखानम कडाडली. "माल विकायला आलात की सोयरीक जमवायला? चालवून दाखवा!"

दोघांची यंत्रं म्हणजे आपोआप चालणारी, चाकांवरची कपाटं; ती सुरू झाली. शुकूहींचं कपाट भट्टीवरून नवरोजच्या सणाच्या ऑर्डरची गरम गझ घेऊन निघालं, दादफरांचं एक खेप टाकून रिकामं परत येत होतं. कापायच्या खोलीच्या दारात दोघांची गाठ पडली. दोन्ही थांबली.

"आधी आपण," एक मंजुळ आवाजात म्हणालं आणि मागे सरकलं.

"आधी आपण," दुसरंही म्हणालं आणि तेही मागे सरकलं. मग दोन्ही पुढे आली, आणि पुन्हा तेच.

"गिऱ्हाइकांना धक्का खपत नाही ना, म्हणून तसं शिकवलंय," शुकूही अभिमानानं म्हणाले.

"आम्हीही!" दादफरांना गहिवरून आलं.

इकडे गझ दगडासारखी व्हायला लागली. "अहो, एकाला जरा उद्धट करा ना!" फरामर्झ काकुळतीला आला.

"आमच्याच यंत्राला करतो."

"मुळीच नाही! ती तसदी आमची."

"माझ्या गळ्याची शपथ, दादफरसाहेब!"

"चल हो पुढे, मेल्या!" तूबाखानमनं गझच्या कपाटाला दोन्ही हातांनी ढकललं. "क्षमा असावी," म्हणत ते सुतासारखं सरळ आत गेलं. मग दुसऱ्याला ढकललं, तेही गेलं. ती दारात उभी होती तोवर काम असं भराभर झालं की भट्टीवाले बघतच राहिले.

संध्याकाळी फरामर्झनं निर्णय सांगितला. दोन्ही कंपन्यांची यंत्रं घेतली.

"दोन्ही?" तूबाखानमनं कपाळावर हात मारला.

"इतक्या लांबून आले होते गं."

"तुझ्यापुढे हात टेकले!" तिनं पिशवी उचलली. "घे, आली तुझी यंत्रं. आता मी शिराझला जाऊ ना?"

फरामर्झनं आत पाहिलं. कपाटं पुन्हा दारात अडली होती. बाहेर पाहिलं. जायला निघालेले इंजिनीअर उंबऱ्यावर एकमेकांना वाट देत होते.

"नाही," तो म्हणाला.

फरामर्झ स्वतःच दचकला.

"काय म्हणालास?"

"नाही म्हणालो, ताई."

हा शब्द त्याच्या तोंडून ऐकायला तिनं जन्म घालवला होता. तिनं पिशवी खाली ठेवली, ओढणीखाली हसू दाबलं आणि आधी इंजिनीअरांना ढकलायला गेली.