मन्मथअप्पांच्या शेजारची सीट

अहमदपुरात कुणीही लिफ्ट दिली तर खुशाल घ्या. फक्त मन्मथअप्पांची घेऊ नका. मी घेतली, त्याला दोन वर्षं झाली, अजून सुटका नाही.

मी बसस्टँडवर कंट्रोलर आहे. दिवसभर माईकवरून गाड्या पुकारायच्या, हे काम. गुरुवारी सुट्टी. अशाच एका गुरुवारी मला लातूरला आतेभावाच्या साखरपुड्याला जायचं होतं, आणि जो माणूस रोज शंभर गाड्या पुकारतो त्याला वेळेवर एकही गाडी मिळत नाही, हा तर नियमच आहे. फाटकाबाहेर उभा होतो, तेवढ्यात एक जुनी हिरवी पेट्रोल जीप येऊन थांबली. आत आमच्या गल्लीतले मन्मथअप्पा. वय सत्तर, कपाळावर भस्माचे पट्टे, पांढऱ्या शर्टाला ग्रीसचे डाग.

"चला कंट्रोलर, लातूरलाच निघालो."

मी बसलो. अप्पांनी मागून एक लॅपटॉप काढला, माझ्या मांडीवर ठेवला, त्याची वायर डॅशबोर्डखाली खुपसली आणि म्हणाले, "वाचा."

"काय वाचू?"

"त्यो मोठा आकडा. बदलला की मोठ्यानं सांगायचं. मी रस्ता बघतो, तुम्ही आकडा बघा."

तेरा दशांश आठ. चौदा दशांश दोन. सोळा! श्वास घ्यायला थांबलो की अप्पा ओरडायचे, "आवाज!" वाटेत एक लांबट चढ आहे. तिथं जीपला उचकी लागली, ढुक्! अप्पांनी गाडी वळवली, खाली नेली आणि परत चढावर घातली. एकदा नव्हे, चारदा. प्रत्येक वेळी बाभळीखाली थांबून ते एका बोटानं लॅपटॉपवर काहीतरी टिपायचे आणि म्हणायचे, "चिमूटभर वाढवलं. आता बघा." मी लातूरला पोचलो तेव्हा मंडळी बडीशेप चघळत होती. आत्या अजून टोमणा मारते, "स्टँडवरच्या माणसालाच गाडी मिळंना व्हय रं?"

आता हा काय प्रकार, ते सांगतो. अप्पांची चाळीस वर्षं मार्केट यार्डात आडतीवर गेली. सोयाबीनचा दाणा दाताखाली फोडून ओलावा सांगायचे, मशीन नंतर तेच सांगायचं. जीप त्यांच्या वडिलांची. तिच्या कार्बोरेटरनं मान टाकली तेव्हा पुण्याचा मुलगा म्हणाला, विकून टाका. अप्पांनी विकली नाही, उलट फ्युएल इंजेक्शनचं किट मागवून तिच्यात बसवून घेतलं. म्हणजे इंजिनाला पेट्रोल किती पाजायचं ते आता एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. त्याच्यासाठी एक तक्ता असतो: इंजिन इतक्या वेगात, पाय इतका दाबलेला, तर पेट्रोल इतकं. तो तक्ता बरोबर भरला की गाडी बरोबर. आणि पेट्रोलच्या एका भागामागं हवेचे किती भाग जळाले, हे सायलेन्सरातला सेन्सर सांगतो. तोच तो आकडा. ह्यातलं मला स्वतःला काही कळत नाही, मी इतिहासाचा बी.ए.

अप्पांची भाषा त्याहून सोपी. "आकडा चढला म्हंजे गाडी उपाशी. उतरला म्हंजे अजीर्ण. चढावर भूक लई लागती, तिथं ताटात जास्त वाढायचं. लेकरू हाय ते." आकडा सतरावर गेला की ते "शिवा शिवा!" म्हणून कळवळायचे, जणू घरात खरंच कुणी उपाशी झोपलंय. एकदा स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघितला, वास घेतला, आणि सवयीनं दाताखाली धरणारच होते. मी हात धरला म्हणून वाचले.

माझ्या ड्युटीच्या दिवशी दुसरी माणसं धरली जायची. होमिओपॅथीचे डॉक्टर आकडा इतक्या हळू सांगायचे की अप्पांना वाटायचं गाडीला काहीतरी गंभीर झालंय. निवृत्त हेडमास्तर "चौदा पूर्णांक सात दशांश" असं पुरं म्हणायचे, तोवर गाडी दोन आकडे पुढं. एका कीर्तनकार महाराजांनी तर तेरावर अशी तान घेतली की चढ संपला तरी तेरा संपेना. सगळ्यात पक्की निघाली भाजीवाली फातिमाभाभी. मागं वांग्यांची टोपली, मांडीवर लॅपटॉप आणि "तेरा तेरा साडेतेरा, अप्पा पाँव जरा कम!" अप्पा म्हणायचे, "हिला पगारावर ठेवाय पाहिजे."

आणि विचारलं की, अप्पा झालं का हो एकदाचं? तर उत्तर ठरलेलं. "थोडंसंच राहिलंय."

त्यांचा जीव त्या एका चढावर का अडकला होता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. अप्पांच्या पत्नी, सुशीलाकाकू, नातवाला सांभाळायला म्हणून पुण्याला गेल्या. सहा महिन्यांसाठी गेल्या आणि तिथंच अडकल्या. अप्पांना पुणं मानवेना, आठ दिवसांत पळून आले. दोन वर्षांमागं येळवशीला, म्हणजे वेळअमावस्येच्या शेतातल्या सणाला, काकू आल्या तेव्हा अप्पा त्यांना लातूर स्टेशनवरून जीपमधून आणत होते. नेमकी त्याच चढावर उचकी लागली आणि गाडी बंद. काकूंनी पदर खोचून, जाणाऱ्या-येणाऱ्या बसच्या खिडक्यांसमोर, मागून जीप ढकलली. घरी येऊन म्हणाल्या, "ही उचकी थांबल्याबिगर मी त्या डबड्यात पाय ठेवायची न्हाई. लाल डब्यानं यीन." गेल्या वर्षी खरंच एसटीनं आल्या. आता ह्या येळवशीला काकू येणार होत्या आणि अप्पांना त्यांना जीपमधून, न ढकलता, घरी आणायचं होतं.

येळवस दहा दिवसांवर आली आणि लॅपटॉपची वायर तुटली. मला ऑफिसच्या कामानं नांदेडला जायचंच होतं. अप्पा म्हणाले, "किट बसवलेल्या बलजीत मिस्त्रीकडं न्या. फकस्त वायर. दुसरं काय उघडू द्यायचं न्हाई त्याला."

बलजीत सरदारजीनं अर्थातच सगळं उघडलं. बघितलं, दाढी खाजवली आणि म्हणाला, "भाऊसाब, अप्पानं हे बंद काहून ठेवलं? ही सिस्टीम खुद शिकते. सेन्सर बघते, तक्ता भरते. दोन चक्कर मारा, काम खतम. मी तर चालू करून दिली होती."

"आणि आकडे वाचायचे कुणी?"

"कशाला वाचायचे? ते अपने आप लिहिले जातात."

देवाशप्पथ सांगतो, माझं डोकं फिरलं. दोन वर्षांचे गुरुवार! साखरपुडा गेला, घसा गेला, बायकोची बोलणी खाल्ली! अहमदपूर येईपर्यंत मी बसमध्ये अप्पांना काय काय बोलायचं ते पाठ करत आलो.

अप्पांच्या घरात टीव्ही मोठ्यानं चालू होता, बघत कुणीच नव्हतं. अप्पा दाराकडं तोंड करून बसले होते. मी लॅपटॉप ठेवला. "अप्पा, ही गाडी स्वतः शिकते म्हणे."

अप्पांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. त्यांनी उठून टीव्ही बंद केला.

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी बंद केलं मी ते."

"का पण?"

"गाडी सोताच शिकली तर बाजूला बसतंय कोण, कंट्रोलर?"

अप्पा परत खाली बसले.

"ही गेल्यापासनं घरात दिवस दिवस कुणी बोलत न्हाई बघा. नुसतं या म्हणलं, चला फिराय म्हणलं, तर कोण येतंय? ज्याला त्याला आपलं काम हाय. पण जरा मदत करा म्हणलं की माणूस न्हाई म्हणत न्हाई. येतो. बसतो. आकडा का असंना, बोलतो तरी."

पाठ केलेलं सगळं वाया गेलं. मला अप्पांचा नाही, माझाच राग आला. दोन वर्षं शेजारी बसून मी फक्त आकडा बघितला होता.

"आणि काकू?" मी विचारलं. "त्यांनी परत लाल डब्यानंच यायचं का?"

अप्पांनी लॅपटॉप उचलला. मग म्हणाले, "चालू करतो. तुम्ही चला संगं."

दोन फेऱ्या झाल्या. बलजीत म्हणाला होता तसंच झालं. दुसऱ्या फेरीला जीप तो चढ अशी चढली की चढ आहे हेच कळलं नाही. मला करायला काही नव्हतं. अप्पा, "झालं म्हणायचं," एवढंच म्हणाले.

काकूंना आणायला मलाही नेलं, साक्षीदार म्हणून. चढ आला तशा काकूंनी डॅशबोर्डाची दांडी घट्ट धरली, डोळे मिटले. उघडले तेव्हा जीप वर होती. "अगं बाई! आपलीच जीप हाय न्हवं ही?" त्या म्हणाल्या, आणि अप्पांचं तोंड जे फुललं! पुढं अहमदपूरपर्यंत काकू नातवाच्या गोष्टी सांगत होत्या, अप्पा "हाव... हाव" करत होते, आणि मी मागं आरामात झोपलो. येळवशीला त्यांच्या शेतात मी तीन तांबे आंबील प्यायलो. पंधरा दिवसांनी काकू परत पुण्याला गेल्या. नातवाची शाळा होती.

त्यानंतरचा गुरुवार. नऊ वाजले, दहा वाजले, दारात हॉर्न वाजेना. अशी मोकळी सुट्टी मी दोन वर्षं देवाकडं मागत होतो. साडेदहाला चप्पल घालून निघालो.

जीपवर कापड टाकलेलं होतं. अप्पा ओट्यावर बसले होते, हातात काही नाही.

"अप्पा," मी म्हणालो, "काकूंना सोडून आलात ना, तेव्हा स्टँडसमोरून जाताना गाडी जरा अडखळत होती."

"न्हाई वो. लोण्यावानी चालतीया."

"रोज शंभर गाड्या जातात माझ्यापुढून. मला ऐकू येतं की."

अप्पा माझ्याकडं बघत राहिले. मी खोटं बोलतोय हे त्यांना कळलं, आणि त्यांना कळलं हे मला कळलं.

"मग बघावं लागंल," ते हळूच म्हणाले. "पण एकट्यानं बघायचं काम न्हाई ते."

"म्हणून तर आलो," मी म्हणालो, आणि जीपवरचं कापड ओढायला लागलो.