कायमचा कर्णा

थँक्सगिव्हिंगच्या सणाला भाजलेल्या टर्कीवर ऑर्व्हिल शुमेकर सुरी चालवणार, तेवढ्यात हारलनचा फोन आला. डोंगरावर चौघा मित्रांनी मिळून बांधलेला शिकारीचा कॅम्प होता आणि हारलन त्याचा स्वयंघोषित म्होरक्या.

"ऑर्व्हिल, काल आम्ही मतदान घेतलं. परवा हरणांचा मोसम सुरू होतोय. तू ये, पण तो कर्णा घेऊन येणार असशील तर घरीच बस."

"मतदान? मला न विचारता?"

"विचारलं असतं तरी तीन विरुद्ध एकच झालं असतं."

कर्णा म्हणजे ऑर्व्हिलच्या रायफलीच्या नळीवर, अगदी तोंडाशी बसवलेला भोकाभोकांचा पोलादी ब्रेक. गोळी सुटली की त्यातून वारा दोन्ही बाजूंना फेकला जायचा. त्यामुळे ऑर्व्हिलच्या खांद्याला धक्का कमी बसायचा, पण बाकी अख्ख्या डोंगराच्या कानठळ्या बसायच्या. पहिला ब्रेक पहिल्याच बाराला उडून बर्फात गडप झाला होता. म्हणून दुसऱ्याच्या वेळी ऑर्व्हिलने बंदुका दुरुस्त करणाऱ्या डॉयलला बजावलं होतं, "असा बसव, की पुन्हा म्हणून निघता कामा नये." डॉयलने आत खिळा ठोकून वरून वेल्डिंग केलं आणि छाती फुगवून सांगितलं, "तू मरशील ऑर्व्हिल, पण हा निघायचा नाही."

ऑर्व्हिलच्या घशाखाली टर्की उतरेना. एकतीस वर्षं शेगडीजवळची खाट त्याची होती. त्या एकतीस वर्षांत त्याला एकही हरीण मिळालं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. आधी धक्क्याच्या भीतीने तो डोळे मिटायचा, ब्रेक आल्यावर आवाजाच्या भीतीने मिटायला लागला. नेम चुकला की त्या शिकाऱ्याच्या शर्टाचं शेपूट, म्हणजे मागचं टोक, कापून भिंतीवर ठोकायचं, असा कॅम्पचा रिवाज. एक अख्खी भिंत एकट्या ऑर्व्हिलच्या शर्टांनी भरली होती. पण म्हणून काय झालं? तिथली शेगडी, तिथले शिळे विनोद, तिथलं करपलेलं बेकन! वर्षभर बिचारा त्यावरच जगायचा.

"म्हणजे तू घरी राहणार?" बायकोने, व्हर्नाने, हातातला चमचा खाली ठेवला. "दोन आठवडे?"

"दिसतंय तसंच."

व्हर्नाचा चेहरा पांढराफटक पडला. उद्या तिच्या तिन्ही बहिणी येणार होत्या. नवरे डोंगरावर गेले की ह्या चौघी पत्ते कुटायच्या, सफरचंदाचे गोड 'पाय' भट्टीत भाजायच्या आणि नवऱ्यांची यथेच्छ टिंगल करायच्या. तो तिचा वर्षाचा सण होता. नवरा समोर बसलेला असताना त्याची टिंगल करायची कशी?

"ऑर्व्हिल," ती उठली, "उद्या सकाळी डॉयलकडे जायचं. मी पण येतेय."

सगळं ऐकून डॉयलला राग आला. "मी केलेलं वेल्डिंग मीच तोडू? गावात तोंड दाखवू कुठे?"

व्हर्नाने डब्यावरचा रुमाल दूर केला. गरम सफरचंदाच्या पायचा वास दुकानभर दरवळला.

"बघू," डॉयल म्हणाला, "एकदा प्रयत्न करून."

पायचा उघडा डबा खुर्चीवर ठेवला गेला. टेबलावरच्या शिकंज्यात नळी आवळली. डॉयलने ब्रेकला पाना लावला, ढिम्म. पान्याला पाइप जोडला, ढिम्म. मग पाइपला तिघंही लोंबकळले.

"हलतंय, हलतंय!" ऑर्व्हिल ओरडला.

हलत होतं ते टेबल. भिंतीतले चारी बोल्ट उपटून ते जागच्या जागी गर्रकन फिरलं, फळीला धडकलं आणि फळीवरचे रंगाचे डबे एकामागून एक खाली आले. हिरवा रंग डॉयलच्या टकलावर सांडला. ऑर्व्हिल मागे मागे सरकत धपकन खुर्चीवर बसला.

"ऑर्व्हिल," व्हर्ना हळूच म्हणाली, "तू पायवर बसलायस."

"कळलं. गरम आहे."

ब्रेक मात्र होता तिथेच, मख्खपणे. हिरव्या टकलाखालून डॉयलने त्याच्याकडे असं कौतुकाने पाहिलं, की व्हर्नाला त्याच्या डोक्यात पाना घालावासा वाटला.

"काय काम केलंय बघा! आता एकच उपाय. नळीच कापायची, ब्रेकच्या मागून. नळी चांगली लांब आहे. चार बोटं गेली तरी कायद्याला लागते तेवढी उरते."

त्याने नळी कापली, तिचं तोंड घासूनपुसून गुळगुळीत केलं आणि तो तुकडा ऑर्व्हिलच्या हातावर ठेवला. "नीट बघ. नळी निघाली, ब्रेक निघालेला नाही. माझा शब्द खरा ठरला."

घरी आल्यावर व्हर्नाच्या मनात पाल चुकचुकली. धक्क्याला घाबरून हा उद्याच परत आला तर? तिने जुनी गोधडी फाडून ऑर्व्हिलच्या कोटाच्या खांद्यात हातभर जाडीची उशी शिवून टाकली.

शनिवारी सकाळी सात वाजता डोंगरमाथ्यावर ऑर्व्हिलसमोर आठ टोकांच्या शिंगांचं हरीण येऊन उभं राहिलं. खांद्याला उशी, कानाला कर्णा नाही. डोळे मिटायला काही कारणच उरलं नव्हतं. त्याने बार काढला आणि हरीण जागच्या जागी आडवं झालं. ऑर्व्हिलने इकडेतिकडे पाहिलं. दुसऱ्या कुणी मारलं की काय?

संध्याकाळी त्याने हारलनच्या शर्टाचं शेपूट कापलं आणि स्वतःच्या हाताने भिंतीवर ठोकलं. अख्ख्या दिवसात हारलनसमोर एकच हरीण आलं होतं आणि ते त्याने घालवलं होतं. बाकीच्या दोघांना तर चिटपाखरूही दिसलं नव्हतं.

"आता नियम, ऑर्व्हिल," हारलन शर्टाकडे बघत कुरकुरला. "ज्याचं हरीण झालं त्याने दुसऱ्या दिवशी घरी जायचं. आयतं खायला थांबायचं नाही."

हा नियम ऑर्व्हिलनेच केला होता. आपल्याला तो कधी लागू होईल, असं त्याला वाटलंच नव्हतं.

रविवारी दुपारी तो घरात शिरला. मोठ्यांदा हसणाऱ्या चार बायका एकदम गप्प झाल्या.

"मी पहिल्याच गोळीत—" ऑर्व्हिल म्हणाला.

"अभिनंदन," व्हर्ना म्हणाली. मयताला आल्यासारखा आवाज होता तिचा.

दोन दिवस त्याने मेहुण्यांच्या मध्ये बसून सफरचंदं सोलली. घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. मंगळवारी "पीठ आणतो" म्हणून तो गाडी घेऊन निघाला, तो थेट डॉयलकडे. एका हातात रायफल, दुसऱ्या हातात तो तुकडा.

"हा परत बसव. कायमचा. पुन्हा हरीण मिळायला नको."

डॉयलच्या कानामागे अजून हिरवं होतं. तो काही बोलणार, तेवढ्यात दार ढकलून हारलन आत आला. "डॉयल, तो ऑर्व्हिलचा कर्णा... अरे, तू इथेच?"

"तुला काय करायचंय माझ्या कर्ण्याचं?"

हारलनने टोपी काढली. "इतकी वर्षं तू वर बार काढायचास आणि डोंगरावरची सगळी हरणं घाबरून खाली आमच्यासमोर यायची. आम्हाला वाटायचं, आम्ही मोठे शिकारी. चार दिवस झाले, नुसते थंडीत बसलोय रे. चल वर! नेम नको धरू, नुसते बार काढ. खाट तुझीच आहे."

"आणि नियम?"

"मतदान घेतलं. तीन विरुद्ध शून्य."

ऑर्व्हिलला भरून आलं. पुन्हा दार वाजलं. दारात व्हर्ना उभी होती, हातात पायचा डबा.

"डॉयल," ती कुणाकडेही न बघता म्हणाली, "तो ब्रेक परत बसव. आणि असा बसव..."

"...की पुन्हा म्हणून निघता कामा नये," ऑर्व्हिल आणि डॉयल एकदम म्हणाले.

व्हर्नाने तिघांकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं, आणि खळखळून हसत सुटली. डब्याला जागा करावी म्हणून डॉयलने खुर्ची पुढे ओढली.

ह्या वेळी ऑर्व्हिल उभाच राहिला.