जबडा सैल करणारे डॉक्टर

मंगळवार, कुरखेड्याचा दवाखाना. हजर : डॉक्टर, त्यांची मदतनीस मी, कवळीसाठी धानोऱ्याहून आलेले सोमाभाऊ, बाकावरच्या बाया आणि डॉक्टरांची आई.

आमचे दंतवैद्य कवळीचं माप घेण्याआधी पेशंटला भडकवतात. त्याला कारण आहे. ‘चावा’ म्हटलं की बोळका माणूस जबडा पुढे ढकलतो. त्या मापाची कवळी घरी पहिल्याच घासाला ताटात पडते. म्हणून डॉक्टर तोंडात मेणाच्या पट्ट्या ठेवतात, गालाच्या स्नायूवर बोट टेकवतात आणि गप्पा काढतात. माणूस तोंडाला विसरला की स्नायू सैल होतो, जबडा आपल्या जागी येतो. “तोंड खोटं बोलते, गाल नाई,” असं ते दिवसातून अनेकदा ऐकवतात.

सोमाभाऊंना त्यांनी विचारलं, “काऊन भाऊ, मोहा तुमची बाई वेचते अन् तुम्ही झाडाखाली झोपता म्हणते?” सोमाभाऊ पट्ट्यांसकट उसळले. दम लागेपर्यंत बोलले, शेवटी थकून आवंढा गिळला. तेवढ्यात माप झालं.

आईपुढे मात्र ही विद्या चालत नाही. मुलाला शिकवायला दुसऱ्यांच्या भाताच्या बांधीत रोवणी केलेली ही बाई खुर्चीत बसली की पदर सावरते, जबडा आवळते आणि विचारते, “कुठी चावू, डॉक्टर?”

“आई, मी डॉक्टर नाई, तुझा पोरगा आहो.”

“हो, डॉक्टर.”

दोन कवळ्या वाया गेल्या. मासळीची शौकीन बाई पेजेवर आली.

आज मी बेत आखला. आईंच्या तोंडात पट्ट्या, आई बाकावर बायांत, डॉक्टर पडद्याआड, पट्ट्या जागच्या जागी जोडायला गरम मेण घेऊन. मी इशारा केला की त्यांनी यायचं. बायांनी मुलाचं बालपण विचारलं आणि आई सुटल्या. “दातच येत नव्हते त्याले. बांधीवर बसून भात चावून चावून भरवू मी. गिळला की हासे, पुन्हा आ करे.” सांगताना त्यांचे गाल मऊ झाले, ओठ सैल पडले. असा जबडा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

मी इशारा केला. डॉक्टर आले नाहीत. पडदा सारून पाहिलं, तर ते भिंतीला टेकून ऐकत उभे.

“बोलू द्या तिले, सिस्टर,” ते हळूच म्हणाले. “माझ्यासमोर एवढी कधी बोलली नाई ते.”

मेण गार झालं. आईंचं माप घ्यायचं राहिलं आहे.