दांडगेमामा आणि अठ्ठ्याण्णव अंश

दांडगेमामा आमच्या गल्लीतल्या बायकांना रस्त्यात अडवून टिकली काढायला सांगतात. हेतू वाईट नसतो. हातात ताप मोजायची ती पांढरी बंदूक असते आणि टिकलीमुळं रीडिंग चुकतं, एवढंच त्यांचं म्हणणं. पण सकाळी दूध आणायला निघालेल्या सवाष्णीला कुणी "टिकली काढा" म्हटलं तर तिला काय वाटेल, हे काही त्यांच्या डोक्यात शिरत नाही. दोघींनी शिव्या घातल्या, तिसरीनं नवऱ्याला पाठवलं. मामा त्या नवऱ्याला म्हणाले, "या गल्लीत फक्त शबानाभाभीचं कपाळ मोजायच्या लायकीचं हाय. बाकी समद्या बायका रीडिंग बिघडवतेत." तो बिचारा भांडायला आला होता. स्वतःचं कपाळ मोजून परत गेला.

मी चार वर्षांपूर्वी इथं बजाजनगरात आले. घराच्या पुढच्या खोलीत टायपिंग आणि छपाईची जुळणी करते. शाळांच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, कुणाचा अर्ज. मामा समोरच्या घरात एकटे राहतात. मूळचे देवगाव रंगारीचे. वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं भट्टीवर होते. लोखंडाचे भाग तापवून लाल करायचे, तेलात बुडवायचे आणि दर अर्ध्या तासाला भट्टीचा आकडा तक्त्यात लिहायचा. निवृत्त झाले तेव्हा भट्टी तिकडंच राहिली, तक्ता घरी आला. चहा, कुकर, पाण्याची टाकी, सावलीत झोपलेलं कुत्रं, सगळ्यांची नोंद होते. "आकडा काय म्हणतो?" हा त्यांचा रामराम.

फेब्रुवारीत मी कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलून घेतला. अकरा शाळांच्या वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका त्याच एका मशीनमध्ये होत्या आणि मशीन रांगायला लागलं होतं. शहरातल्या दुकानातून सचिन आला. त्यानं नवा प्रोसेसर बसवला, तो गार ठेवायला त्यावर नवा कूलर बसवला आणि चहा न घेता गेला. जाता जाता पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा दिसेल अशी सोय करून गेला. ही सोय मी मागितली नव्हती.

मशीन नुसतं बसलेलं असताना आकडा ऐंशी. फाइल उघडली की अठ्ठ्याण्णव, तोही लालभडक.

मी सचिनला फोन केला. "सेन्सर येडा आहे, मॅडम," तो म्हणाला. "उसपे ध्यान नक्को देव. नवीन प्रोसेसर गरमच चालतात."

मी ते मानलं. पटलं म्हणून नाही. मशीन दुकानात गेलं असतं तर चार दिवस परत आलं नसतं, आणि माझ्या हातात नऊ होते.

दुसऱ्या दिवशी मामा आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आले. त्यांची नजर कोपऱ्यातल्या आकड्यावर गेली. आधार कार्ड विसरून ते स्टुलावर बसले.

"ताई, शंभरावर पाणी उकळतं."

"त्यात पाणी नाही, मामा."

"तुमचं डोस्कं हाय ना पण."

तासाभरात हातानं रेघा मारलेला तक्ता माझ्या दारावर चिकटला होता. वेळ, आकडा, शेरा, सही. सही माझी. "शिफ्ट इनचार्ज तुमी."

"मी मालक आहे, मामा."

"मालक सही करत नाय. मालक शिव्या देतो."

तेवढं मी रोज करत होते. तरी साडेदहा, अकरा, साडेअकरा, माणूस हजर. लोखंडासारखं सगळं काही नीट लाल होऊ द्यायचं आणि मग बुडवायचं, अशा चेहऱ्यानं पडद्याकडं बघत बसायचा. मशीन पुन्हा रांगायला लागलं होतं, पण तेही मी सेन्सरच्याच नावावर टाकलं. पाचव्या दिवशी मी कपाळावरची टिकली काढली आणि पडद्याच्या कोपऱ्यात, बरोब्बर आकड्यावर लावली. दिसेना, प्रश्न मिटला.

मामांनी आल्याबरोबर नखानं टिकली उचकटली. "अठ्ठ्याण्णव. हे बगा. झाकल्यानं उतरत नाय."

माझी चौथीची गणिताची प्रश्नपत्रिका अडकली होती. मी ताडकन म्हटलं, "सेन्सर खराब आहे, मामा! तुमच्या कारखान्यात कधी सेन्सर खराब होत नव्हते का? सगळेच काटे खरं बोलायचे?"

टिकली त्यांच्या बोटावरच राहिली. ते उठले, ती माझ्या टेबलाच्या कडेला लावली आणि गेले. पुढचे दोन दिवस तक्ता कोरा. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सातवीचा इतिहास जुळवताना मशीन बंद पडलं. सुरू केलं, दहा मिनिटांत पुन्हा बंद. सचिनचा फोन लागेना. शेवटच्या पाच शाळांचं काम आत अडकलेलं, आणि परवा द्यायचं. मी समोरचं दार वाजवलं. माफी वगैरे मागितली नाही. "मामा, पेचकस आहे का?" एवढंच विचारलं.

ते पेचकस घेऊन आले. डबा उघडला, कूलर सोडवला, उलटा केला. त्याच्या बुडाला पारदर्शक प्लास्टिकचा कागद तसाच चिकटलेला. त्यावर इंग्रजीत ठळक लिहिलेलं, बसवण्याआधी हा काढा.

सेन्सर शहाणा होता. येडे आम्ही दोघं, सचिन आणि मी.

कूलरच्या खोक्यात, कूलर आणि प्रोसेसरच्या मधे लावायच्या पेस्टची ट्यूब उरली होती. मामांनी प्लास्टिक सोललं, पेस्ट लावली, कूलर घट्ट केला. मशीन सुरू झालं. आकडा बेचाळीस. इतिहासाची फाइल उघडली, त्रेसष्ट. मला वाटलं, आता हा माणूस वर्षभर मला ऐकवणार. पण मामा त्या प्लास्टिकच्या तुकड्याची घडी घालत बसले होते.

"कारखान्यात आमाला पयला धडा हाच," ते म्हणाले. "आकडा भलता आला की आदी सेन्सरला चोर ठरवायचं. भट्टी बंद केली तर वरून शिव्या, म्हणून. मी त्यात लई हुशार होतो."

मी इतिहासाची फाइल सेव्ह केली.

"माज्या बायकोला, कमलला, ताप आला तवा एकशेपाच दावलं. म्या म्हणलं, थर्मामीटर बिघडलं. माज्या काखेत लावून बगितलं. मेडिकलातून नवं आणलं. मग शबानाभाभीचं आणलं. तिन्ही लावून तक्ता केला, दर अर्ध्या तासाला. दुपारपातूर तिन्हीचं एकच. दवाखान्यात म्हणाले, सकाळीच आणायचं होतं."

"सकाळी नेलं असतं तरी त्या वाचल्या असत्या, असं काही नाही," मी म्हटलं. सांत्वन मला जमत नाही. मला आपलं जे खरं वाटतं तेच बोलता येतं.

"व्हय, ते नाय सांगता येत." त्यांनी घडी खिशात टाकली. "पर तिला लई थंडी वाजत व्हती. सारकी पांगरूण मागत व्हती. मी म्हणलं, थांब जरा, रीडिंग बिघडंल." मग म्हणाले, "निदान पांगरूण घेऊन गेली असती."

बाहेर कुणीतरी झेरॉक्सला आलं होतं. मी त्याला नंतर ये म्हणून सांगितलं.

प्रश्नपत्रिका वेळेवर गेल्या. सचिन म्हणाला, "होता है मॅडम." गल्ली अजून मामांना हसते. मीही हसते, ते हसण्यासारखे आहेतच. पण साडेदहाला ते दारात येऊन उभे राहिले, की मी हातातलं काम थांबवते, कपाळावरची टिकली काढून टेबलाच्या कडेला लावते आणि मान पुढं करते.

"छत्तीस पॉइंट पाच," मामा म्हणतात. "सही करा."

मी सही करते.