दिगंबर कंपाउंडरचा सिनेमा

दिगंबर कंपाउंडर सिनेमा बघायचे नाहीत, सिनेमाला दटावायचे.

नव्वदच्या दशकात हिंगोलीच्या बसस्थानकामागे माझी व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती, तेव्हाची ही गोष्ट. दुकानातल्या टीव्हीसमोर दिगंबरकाकांची खुर्ची ठरलेली. एका डॉक्टरकडे चाळीस वर्षं औषधाच्या पुड्या बांधून रिटायर झालेला हा सडाफटिंग माणूस माझ्याकडे एकच सिनेमा बघायला यायचा.

तो सिनेमाही चुकूनच आलेला. नांदेडहून मागवलेल्या मारामारीच्या कॅसेटींत ही एक परदेशी प्रेमकथा निघाली. भाषा कोणती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. गोष्ट मात्र कळायची. आपापला देश सोडून पळालेला एक पुरुष आणि तशीच एक बाई बंदराच्या शहरात भेटतात. लढाई जवळ येत असते. बोटीवर चढायच्या परवान्यासाठी दोघं कचेरीबाहेर रांगेत उभी राहतात आणि रांगेतच एकमेकांच्या प्रेमात पडतात.

काकांना भाषेची अडचण कधीच आली नाही. नायिकेला पाहताक्षणी त्यांनी निदान केलं, "पोरीत रक्त कमी हाय. डोळ्याखाली बघा. बराबर हाय का न्हाई?"

'बराबर हाय का न्हाई' हा प्रश्न नव्हता, तो त्यांचा पूर्णविराम होता.

नायक पुलावर उभा राहून लांबलचक बोलायला लागला की काका खुर्चीतून उठायचे. "अरे, काहून बोलून राहिला? तिकडं तोफा लागल्या! कागद पोटाशी बांध अन् पळ!" नायिका खोकली की "अडुळसा द्या तिला!" कचेरीतल्या साहेबानं परवाना नाकारला की त्याला अशा कडक शिव्या पडायच्या, की बाहेरचे रिक्षावाले आत डोकावायचे. हळूहळू ते आत बसायलाच लागले. काका नसले तर म्हणायचे, "आज सिनेमात दम न्हाई."

शेवट मात्र काका बघत नसत. बोटीचा भोंगा वाजला की "येतो बापू," म्हणून चालू लागायचे.

एकदा मी हात धरून बसवलं. "आज शेवट बघाच, काका."

"ठाव हाय मला. तो जातो. ती ऱ्हाते मागं."

"कधी बघितला?"

टीव्हीकडं पाठ करून त्यांनी सांगितलं. निजामाच्या राज्याच्या शेवटच्या वर्षी, रझाकारांच्या भीतीनं त्यांचं घरदार पैनगंगा ओलांडून उमरखेडला गेलं होतं. कापसाच्या जिनिंगच्या एका शेडमध्ये अशी कितीतरी कुटुंबं. काका एकोणीस वर्षांचे. पाण्याच्या रांगेत कुरुंद्याची कौसल्या रोज त्यांच्या पुढं उभी असायची. दोघांनी घरी सांगायचं ठरवलं. तेवढ्यात तिच्या आईला ताप भरला आणि काका औषध आणायला पुसदला गेले. तिथं डॉक्टर भेटेना, गाडी मिळेना. पाच दिवसांनी परतले, तर शेड रिकामी. निजामाचं राज्य गेलं होतं, रस्ते मोकळे झाले होते, माणसं हसतखेळत आपापल्या गावी निघून गेली होती.

"सिनेमात लढाईनं ताटातूट व्हते, बापू," काका म्हणाले. "आमची लढाई सरली म्हणून झाली."

"मग कुरुंद्याला का गेला नाहीत?"

"गेलो असतो. पन कोन म्हणून जाऊ?"

पुढच्याच आठवड्यात मी त्यांना स्कूटरवर मागं बसवलं. वाटेत त्यांनी तीनदा गाडी वळवायला सांगितली. मी वळवली नाही.

कुरुंद्यात विचारत विचारत घर सापडलं. नवरा वारल्यावर कौसल्याबाई भावाकडं परतल्या होत्या. अंगणभर शिजवलेली हळद वाळत घातलेली, आणि त्या वाकून ती हातानं पसरत होत्या. काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. साऱ्या बंदराला दटावणारा माणूस अंगणाच्या कडेलाच उभा राहिला.

"कोन पायजे?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"उमरखेडहून... औषध आणायला गेलो व्हतो मी."

त्या सावकाश उभ्या राहिल्या. पिवळे हात तसेच अधांतरी. त्यांनी काकांकडं निरखून पाहिलं.

"दोन दिवसांत येतो म्हणले व्हते तुमी," त्या म्हणाल्या, आणि भिंतीशी उभी केलेली बाज ओढून त्यांनी लिंबाच्या सावलीत टाकली.