चारही बाजूंना दिसणारे हात

हवालदारांनी जेवणाच्या टेबलावर चार वाट्या आणि मिठाची बाटली मांडली. वाट्या म्हणजे लेकीच्या बास्केटबॉल संघातल्या चार मुली आणि बाटली म्हणजे खुद्द लेक, संघाची पॉइंट गार्ड.

“पॉइंट गार्ड म्हणजे काय गं शेवटी? चौकातला हवालदार! कोणाला सोडायचं, कोणाला थांबवायचं, सगळं त्याच्या हातात.”

“आता तसं नाही राहिलं, बाबा. आता पॉइंट गार्डला लांबून बास्केटही करावी लागते. समोरचीच्या मनात काय आहे ते आधी ओळखावं लागतं. नुसती दुसऱ्यांना वाट देऊन भागत नाही.”

“ते तू कर. वाट कोणाला द्यायची ते मी सांगतो.”

हवालदारांनी एकवीस वर्षं चौकात उभं राहून काढली होती. चेंडूला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता; पण सहा महिने मोबाइलवर सामने बघून त्यांना या खेळातलं सगळं कळायला लागलं होतं. रविवारच्या सामन्याला निवड समिती येणार होती. मोठ्या संघात पॉइंट गार्डची एकच जागा होती, आणि पुढच्या वर्षी लेक वयाच्या अटीत बसणार नव्हती. तेव्हा हवालदारांनी खुणा ठरवल्या. उजवा हात आडवा केला की उजवीकडे पास, डावा केला की डावीकडे. दोन्ही हात वर म्हणजे थांब. तळवा पुढे ढकलला की स्वतः बास्केट कर.

“अहो, खेळू द्या की तिला तिचं तिचं,” बायको म्हणाली. “तुम्ही नुसतं बसा.”

“नुसतं कसं बसू? बाप आहे मी!”

लेकीने बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि खुणा पाठ केल्या.

रविवारी सामन्याचा पहिला क्वार्टर झकास गेला. हवालदार प्रेक्षकांच्या तिसऱ्या रांगेत उभे राहून हात करत होते, लेक वर बघत होती आणि बास्केट पडत होत्या. हवालदारांची छाती फुगली. शेजारच्या अनोळखी गृहस्थांना त्यांनी दोनदा सांगितलं, “माझी लेक. माझ्या खुणेवर खेळते.”

दुसऱ्या क्वार्टरमध्ये मात्र समोरच्या संघातली एक वेणीवाली मुलगी प्रत्येक पासच्या आड येऊ लागली. चेंडू सुटायच्या आधीच ही तिथे हजर.

“अहो,” बायको कुजबुजली, “ती वेणीवाली चेंडूकडे बघतच नाहीये. तुमच्याकडे बघतेय.”

“कौतुक वाटत असेल.”

आणखी तीन पास गेल्यावर हवालदारांच्या डोक्यात प्रकाश पडला. चौकाच्या कुठल्याही टोकाला उभ्या असलेल्या, चष्मा घरी विसरलेल्या माणसालाही कळावा असा हात करायचं त्यांचं शिक्षण होतं. गुपचूप खूण करणं त्या हातांना कोणी शिकवलंच नव्हतं. पण हार मानतील ते हवालदार कसले! त्यांनी तोंडाभोवती तळवे धरले आणि हाक दिली, “बाळ, आता सगळं उलट!”

आवाजही चौकातच तयार झालेला. तो लेकीला ऐकू गेला, पंचांना गेला, बाहेर उभ्या असलेल्या सायकलवाल्याला गेला. वेणीवालीने तर मान हलवून समजल्याचं सांगितलं.

पंच तिसऱ्या रांगेपाशी आले. “साहेब, खाली बसा.”

हवालदार बसले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. पण लेकीने वर पाहिलं की एक हात आपसूक सुटायचा, आणि वेणीवाली चेंडू घेऊन पसार व्हायची. संघ बावीस गुणांनी हरला.

समितीच्या बाईंनी वेणीवालीचं नाव लिहून घेतलं. “समोरच्यांचं काय चाललंय ते हिने दहा मिनिटांत ओळखलं,” त्या म्हणाल्या. मुलगी गुणी होती. जाताना मुद्दाम हवालदारांपाशी थांबली. “थँक्यू हं, काका. तुमच्या खुणा फार स्पष्ट होत्या.”

“असू दे, बाळ,” हवालदार म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

घराच्या वाटेवर बायको पुढे निघून गेली. हवालदारांना फार वाईट वाटत होतं. इतकं की, चूक आपली आहे हे त्यांनी कोणी न विचारता लेकीपाशी कबूल केलं. “माझं चुकलं गं. त्या वेणीवालीला खुणा कळल्यात हे मला आधीच कळायला हवं होतं.”

“मला कळलं होतं, बाबा. दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच.”

हवालदार जागीच थांबले. “मग माझ्याकडे बघणं बंद का नाही केलंस?”

“केलं होतं. दोन मिनिटं.” लेक किटबॅगच्या पट्ट्याशी चाळा करत होती. “तुमचा हात तसाच वर राहिला. तुम्ही त्या शेजारच्या काकांकडे बघून उगाच हसलात. मग मी परत बघायला लागले.”

“अगं, पण तुझी जागा गेली ना!”

“गेली,” ती म्हणाली. “खूप वाईट वाटतंय. आज मला काही समजावू नका, बाबा.”

हवालदारांनी बरं म्हटलं, आणि उरलेला रस्ता ते तिच्या एक पाऊल मागून चालले.